जुडाहचं राहिलेलं काम

प्रणितचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. हसू नकोस रेवा, भुताची गोष्ट मेथीपासून सुरू झाली तर काय बिघडलं? झाली ती तशीच झाली. आणि तुझी ही मावशी भूतबीत मानत नाही, हे तुला माहीत आहे. त्यामुळे आधी सगळं ऐकून घे, मग काय अक्कल शिकवायची ती शिकव.

"मॅडम, एक छोटंसं काम होतं," प्रणित म्हणाला. हा आमच्या जुन्या ऑफिसातला आताचा मॅनेजर. "पेझारकर सरांचं काम अर्धवट राहिलंय. आता कोबोल येणारं कोणी उरलेलंच नाही."

"म्हणजे मी उरले आहे, असं म्हण की."

"तसं नाही मॅडम…"

"तसंच आहे. कुठे यायचंय?"

"सरांच्या घरी, पनवेलला. कोबोलचा तो जुना कंपायलर फक्त त्यांच्याच मशीनवर चालतो. मशीन नेटला जोडलेलं नाही, सर सगळं पेन ड्राइव्हवर द्यायचे. डझनभरच डिक्लेरेशनं राहिलीत, मॅडम."

जुडाह पेझारकर. रेवा, तू त्याला पाहिलंस की नाही आठवत नाही. उंच, वाकलेला, बाराही महिने नाक चोंदलेलं, त्यामुळे रुमालाला कायम निलगिरीचा वास. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. पनवेलच्या जुन्या वस्तीत राहायचा. तीस वर्षं आम्ही ऑफिसात शेजारी बसलो. निवृत्त झाल्यावर मी सुटले, हा मात्र घरी बसून ऑफिसचं काम करत राहिला. आणि गणपतीनंतर एका दुपारी जेवून कॉम्प्युटरसमोर बसला, खुर्चीत मान टेकवली ती टेकवलीच. त्याची बायको रेबेका आत भांडी विसळत होती. तिला वाटलं, डुलकी लागली असेल.

काम काय ते तुला लगेच कळेल, तू कॉम्प्युटरचंच शिकतेस. आमच्या ऑफिसातून निवृत्त लोकांचं पेन्शन निघतं, आणि ते काढणारे सगळे प्रोग्रॅम कोबोल ह्या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत. काही जुडाहचे, काही माझे. आता प्रणितच्या पोरांनी नवी फंक्शनं लिहिली, ती सी नावाच्या दुसऱ्या भाषेत. कोबोलने त्यांना हाक मारायची, त्यांनी काम करून उत्तर द्यायचं. पण हाक मारायची कशी? सीच्या प्रत्येक फंक्शनचं एका ओळीचं डिक्लेरेशन असतं. नाव काय, हातात काय काय द्यायचं, परत काय मिळणार. त्या प्रत्येक ओळीचं कोबोलमध्ये भाषांतर करून ठेवावं लागतं, नाहीतर कोबोलला त्या फंक्शनचा पत्ताच लागत नाही. नवी सून एक बोलते, सासू दुसरंच बोलते, आणि मधे बसून दोघींना समजावणारी आत्या म्हणजे आम्ही.

सोपं वाटतं ना? नाही बाई. सीचं दोन अक्षरांत भागतं, कोबोलला सगळं पायरीपायरीने सांगावं लागतं. मूळ वस्तू देताय की तिची नक्कल, हेसुद्धा लिहून द्यायचं. आणि माणसांची नावं! कोबोल नावासाठी ठरावीक घरं राखून ठेवतं, उरतील ती मोकळी. सीला मात्र नाव कुठे संपलं हे कळायला शेवटी एक शून्य लागतं. ते लावायला विसरलात की सी वाचतच सुटतं. नाव संपलं तरी थांबत नाही, पुढच्याचा पत्ता, त्याच्या पुढच्याचा वारस, सगळं एका दमात. अशा चुका जुडाह नुसत्या वासावरून पकडायचा, तेही त्या चोंदलेल्या नाकाने.

आमची पद्धत ठरलेली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. तो दोन बोटांनी टाइप करायचा. डावीकडची सात घरं मोकळी सोडून आठव्यापासून सुरुवात, पुढच्या ओळी बाराव्यापासून. पंच कार्डांच्या जमान्यातली सवय. आता त्याची काही गरज नाही, मी कधीच सोडून दिली. त्याने नाही सोडली. आणि शेवटी ठिपका. कोबोलला वाक्य संपलं की ठिपका लागतो. मी शंभरदा विसरायचे, जुडाह एकदाही नाही. मला म्हणायचा, "कुमुद, वाक्य सुरू केलंस ना, मग संपव तरी."

तर बुधवारी सकाळी मी कामोठ्याहून रिक्षा केली. दसरा होऊन गेला होता आणि ऊन असं की डोकं भणभणावं. मनातून मी जरा घाबरलेच होते. रेबेकाला काय तोंड दाखवायचं? सात दिवसांच्या दुखवट्यात एकदा जाऊन आले होते, त्यानंतर नुसते फोन. वाटलं, घरात अंधार करून बसली असेल बिचारी.

दार उघडलं तर रेबेका न्हाऊन, केस विंचरून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून उभी.

"ये गं. किती दिवसांनी!" म्हणाली. "चहा टाकते. पण जेवणाच्या आत आटप हं तुझं काम. दुपारी मला जरा… आराम लागतो."

मला बरंही वाटलं आणि चमत्कारिकही वाटलं. तळमजल्याचा फ्लॅट, खिडकीबाहेर बदामाचं झाड, त्यामुळे आतल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा असा उजेड. तिथे जुडाहचं टेबल. वेताची खुर्ची. कॉम्प्युटरवर धूळ नव्हती. टेबलावर ताजा धुतलेला, घडी घातलेला रुमाल होता. ठेवला असेल आठवण म्हणून, असं म्हणून मी बसले.

फाइल उघडली आणि चक्रावले. डझनभर कुठली? फक्त शेवटचं एक डिक्लेरेशन राहिलं होतं. बाकी सगळी झालेली, जुडाहच्याच हातची. सात घरं मोकळी, ठिपके जागच्या जागी. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. कालची तारीख.

प्रणितला फोन लावला. "अरे, एकच राहिलंय."

"नाही मॅडम, सर गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फाइल दिली होती, त्यात…"

"आणि ह्या मशीनची तारीख पुढे गेली आहे. बॅटरी बदला जरा."

भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं तेव्हा आजची तारीख मशीनवर बरोबर होती. पण तेवढ्यासाठी कोण डोकं शिणवतं? जुडाहने शेवटच्या दिवशी पूर्ण केलं असेल, मला काय. उरलेलं एक मी लिहून टाकलं. पेन्शनर वारला की त्याची नोंद करून पेन्शन थांबवणारं ते फंक्शन. पोरांनी ते शेवटी ठेवलं होतं. प्रणित म्हणाला, टेस्टिंगचं सामान उद्या पाठवतो, आज नुसतं लिहून ठेवा. मी लिहिलं, सेव्ह केलं, मशीन बंद केलं आणि जेवणाच्या आत घराबाहेर पडले. रेबेका मला दारापर्यंत पोचवायला आली, जवळजवळ ढकलतच.

संध्याकाळी इलानचा फोन. रेबेकाचा मुलगा, बायको ओर्लीबरोबर तिकडे इस्रायलात अश्दोदला असतो. मराठी अजून पनवेलचीच बोलतो.

"कुमुद मावशी, तू आईकडे गेली होतीस ना? तिला काहीतरी सांग गं. ओर्लीचे दिवस भरत आलेत. आईचं तिकीट मी दोनदा बदललं. तिचे गुडघे असे, शुगर अशी, एकटी कशी राहणार ती? बाबांचा मृत्यूचा दाखला ऑफिसला पाठव म्हटलं तर तोही पाठवत नाही. म्हणते, आत्ता नाही, इथे काम चाललंय."

"कसलं काम?"

"तेच तर मी तुला विचारतोय, मावशी."

गुरुवारी मी गेले ती ठरवूनच. काम संपवायचं आणि रेबेकाशी सरळ बोलायचं. मशीन चालू केलं, फाइल उघडली. मी लिहिलेलं डिक्लेरेशन नव्हतं.

रेवा, खरं सांगते, भुताआधी मला माझीच भीती वाटली. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग आमची नावं. मी सेव्ह केलं होतं, मला पक्कं आठवत होतं. पण तिलाही सगळं पक्कंच आठवायचं. मी तशीच बसून राहिले, हात मांडीवर घेऊन. रेबेका चहा घेऊन आली, तिने माझा चेहरा पाहिला.

"काय झालं गं?"

"काल लिहिलेलं नाहीये. मी विसरायला लागले बहुतेक, रेबेका."

तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "जेवूनच जा आज." कालची घाई कुठे गेली कोण जाणे.

जेवले. नारळाच्या रसातली सुरमई, भात, वर सोलकढी. जेवता जेवता लाइट गेली. आतल्या खोलीत मशीनचा यूपीएस पीं पीं करून ओरडला आणि थोड्या वेळाने गप्प झाला. पंखा थांबला. रेबेका म्हणाली, "पड जरा बाहेरच्या दिवाणावर," आणि स्वतः आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पाट घेऊन, भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, तिथे गारवा असेल.

डोळा लागला की नाही माहीत नाही. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बदामाची पानंही हलत नव्हती. आणि आतून आवाज आला.

टक्… टक् टक्… टक्.

मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. आवाज ओळखीचा होता, म्हणून आधी दचकलेच नाही बघ. इतकी वर्षं तो माझ्या डाव्या कानाला होता. दोन बोटांचा. ओळ संपली की थोडं थांबायचं, मग स्पेसचा लांबट आवाज, मोजून, घरं सोडल्यासारखा. मग पुन्हा टक् टक्. मग माझ्या लक्षात आलं की पंखा बंद आहे. लाइट नाहीये.

उठले. रेबेका पाटावर बसलेली, हात गुडघ्यांवर, मान आतल्या बाजूला. तिच्या चेहऱ्यावर… कसं सांगू? घरचं माणूस आत जेवत असलं की बाई उंबऱ्याशी बसून बघते ना, काही हवं नको ते, तशी ती बघत होती.

मी तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. स्क्रीन काळा ठिक्कर. खुर्ची रिकामी, पण टेबलाजवळ ओढलेली. वेत मधोमध दबलेला. आणि कीबोर्डवरची बटणं खाली जात होती. एक… मग थांबून दुसरं. निलगिरीचा वास इतका दाट, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी ओरडले नाही. ओरडायचं म्हणजे छातीत हवा लागते, ती नव्हतीच. रेबेकाने न बघता मागे हात केला आणि माझ्या साडीच्या निऱ्या धरल्या, घट्ट. लहान मूल धरतं तशा. आम्ही दोघी तशाच.

आवाज हळूहळू थांबला. खुर्चीचा वेत कुरकुरला आणि वर आला. वास विरला. केव्हातरी लाइट आली, पंखा फिरला, मशीन आपोआप सुरू होऊन मंद घरघरू लागलं.

"गेले," रेबेका पुटपुटली. "आजचं झालं त्यांचं."

मी आत गेले. माझं मलाच आश्चर्य वाटतं, पण गेले. खुर्चीत बसले नाही, उभ्यानेच फाइल उघडली. शेवटचं डिक्लेरेशन तिथे होतं. आठव्या घरापासून, बाराव्या घरापासून, सगळं जुडाहच्या हातचं. नावानंतरचं शून्यसुद्धा बरोबर सांभाळलेलं. फक्त शेवटी 'एण्ड प्रोग्रॅम' लिहून फंक्शनचं नाव लिहिलं होतं आणि पुढे काही नव्हतं. ठिपका नव्हता.

जुडाहने ठिपका विसरायचा? तुला नाही कळायचं, पण मला त्या हलणाऱ्या बटणांपेक्षा ह्याचीच जास्त धास्ती वाटली.

"रेबेका," मी वळले, "माझं कालचं कोणी खोडलं?"

ती पाटावरून उठली नाही. पदराने डोळे पुसले.

"मीच खोडते. रोज संध्याकाळी. सगळ्यात खालचं. काल दुपारी ते आले नाहीत, मी घाबरून खोडलं; तुझं आहे हे मला कळलं नाही गं, माझ्यासाठी सगळं सारखंच. सकाळी तू स्वतःलाच वेडी ठरवायला लागलीस, तेव्हा मला राहवेना. म्हणून तुला ठेवून घेतलं."

"तुला कॉम्प्युटर कुठे येतो?"

"खोडता येतं. यांनीच शिकवलं होतं. चुकलं तर घाबरायचं नाही, असं खोडायचं, म्हणाले होते." ती जरा हसली. "सात दिवस संपले, मुलं परत गेली, आणि त्याच्या दुसऱ्या दुपारी आवाज आला. आधी मीही भ्याले. मग कळलं, हे अर्धवट काम टाकून जाणाऱ्यातले नाहीत. रोज थोडं थोडं करत होते. मी उंबऱ्याशी बसायची. मग एक दिवस बघितलं तर खाली एकच उरलं होतं. म्हटलं, हे झालं की उठतील. उठले की जातील. मग मी… त्या संध्याकाळी बसले आणि खालचं एक खोडलं. दुसऱ्या दिवशी परत आले. तेव्हापासून रोज. शुक्रवारी संध्याकाळी तेवढं नाही, शब्बाथला मी हात लावत नाही. ते तरी कुठे येतात शनिवारी."

माझा राग कुठल्या कुठे गेला होता, पण मी बोलले रागानेच. मला तसंच बोलता येतं.

"आणि तिकडे इलान कॅलेंडर बघत बसलाय. ओर्ली आज-उद्यावर आली आहे. तुझं नातवंड जन्माला येतंय आणि तू इथे पाटावर बसून राहणार? किती दिवस?"

"ते येतील तितके दिवस."

"रेबेका, तो रोज तेच तेच लिहितोय गं. तोच जुडाह, ज्याला एक ओळ दुसऱ्यांदा लिहायला लावली तर दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही! त्याला वाटत असेल आपण कालच केलं होतं. आज सकाळी मला वाटलं तसं. मी एका सकाळीत रडकुंडीला आले. आणि तो?"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं.

"थकत असतील का गं?" अगदी हळू विचारलं तिने. "आधी आवाज भराभर यायचा. हल्ली… हल्ली मधे मधे फार थांबतात."

मी तिला ठिपक्याचं सांगितलं. तो काय असतो, जुडाह मला काय म्हणायचा, आणि आज तो राहिलाय. बोलता बोलता मीच रडायला लागले. ती उठून आली आणि तिनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला. नवरा तिचा गेलेला, आणि समजूत माझी काढत होती.

जुडाह रोज दुपारी कुठलं फंक्शन पुन्हा पुन्हा लिहीत होता, हे मात्र मी तिला नाही सांगितलं. मेलेल्या माणसाची नोंद करणारं. ते तिच्या कानावर घालायची माझी छाती झाली नाही.

निघताना ती म्हणाली, "आज नाही खोडत. उद्या ये. मला एकटीला नाही जमायचं."

शुक्रवारी मी गेले तेव्हा शब्बाथसाठी, म्हणजे सूर्यास्तापासून लागणाऱ्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, घरात मनुकांचं सरबत गाळलेलं होतं, ओट्यावर दिव्याची वात तयार होती. प्रणितने पाठवलेलं सामान मी सकाळीच मशीनवर चढवून ठेवलं, पण कंपाइल केलं नाही, म्हणजे मशीनकडून तपासून घेतलं नाही. ठिपका मलाही घालता आला असता. एका बटणाचं काम. पण ते वाक्य माझं नव्हतं.

जेवण दोघींनीही तसंच झाकून ठेवलं. आज लाइट होती, स्क्रीन चालू होता. आम्ही उंबऱ्याशी बसलो, ती पाटावर, मी जमिनीवर. दुपार सरत गेली. आवाज नाही. वास नाही. लिहायला काही उरलंच नव्हतं, मग येणार कशाला? रेबेका सारखी खिडकीकडे बघत होती, ऊन किती उतरलं ते. दिवा लागला की काम बंद, हे त्या घरात कधी मोडलं नव्हतं.

"येणार नाहीत," ती म्हणाली. "मला न सांगताच गेले. पुन्हा तसेच गेले, कुमुद…"

मला तिचं ते ऐकवेना. काय करावं सुचेना. मग मी आमच्या पद्धतीने केलं. फाइलमधली सीची ती ओळ मोठ्याने वाचायला लागले, ऑफिसात वाचायचे तशी, एकेक शब्द सुटा. नाव. हातात काय द्यायचं. परत काय मिळणार. वाचून थांबले.

निलगिरीचा वास आला. आधी अगदी थोडा.

खुर्चीचा वेत दबला. स्क्रीनवरची ती बारीक उभी रेघ, लुकलुकणारी, खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर आली. नावाच्या पुढे येऊन थांबली… आणि थांबूनच राहिली. बटण हलेना. मला वाटलं, हा खरंच विसरलाय. काय राहिलंय हे ह्याला आठवत नाहीये.

रेबेका गुडघ्यांवर हात टेकत उठली. खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज रोजचा होता, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा.

"अहो, ठिपका राहिला."

टक्.

स्क्रीनवर ठिपका आला. रेबेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकली होती, ओठ हलल्यासारखे वाटले मला. मग ती सावकाश वळली आणि दिवा लावायला गेली. मी तिथेच उभी. वास होता, मग नव्हता. बाहेर उजेड संपला.

तिने खोडलं नाही. रविवारी मी येऊन कंपाइल केलं, एकही चूक आली नाही, पेन ड्राइव्ह प्रणितला दिला. पुढच्या आठवड्यात रेबेका अश्दोदला गेली. ओर्लीला मुलगी झाली, ती आजीच्या मांडीवर आहे असा फोटो आला, त्यात रेबेकाचा गजरा नाही पण चेहरा भरलेला. मला वाटलं, चला, संपलं सगळं. रडले थोडी, आणि मेथी आणायला गेले.

नाही, थांब, पाणी नको. एवढंच राहिलंय.

महिन्याभराने नवी सिस्टिम सुरू झाली आणि प्रणितचा फोन आला. आवाज जरा विचित्र.

"मॅडम, पेझारकर सरांच्या मृत्यूची नोंद सिस्टिममध्ये झालेली दिसतेय. दाखला तर अजून आलाच नाही. तुम्ही केलीत का?"

"मी कशी करणार? माझा आयडी कधीच बंद झालाय."

"हो, तेच. आणि मॅडम, तारीख पण चुकीची आहे. सर सप्टेंबरमध्ये गेले ना? ही ऑक्टोबरची आहे. शुक्रवार आहे त्या दिवशी." कागद चाळल्याचा आवाज आला. "नोंद झालीही त्याच संध्याकाळी. पण तेव्हा त्या फंक्शनचं कोबोलमधलं डिक्लेरेशन आमच्याकडे नव्हतंच. फक्त सरांच्या मशीनवर होतं, आणि ते तर नेटला जोडलेलं नाही."

आमच्या ऑफिसात अशी कुठलीही नोंद एकट्याने होत नाही, रेवा. एकाने करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, तेव्हाच ती धरतात. मी विचारलं, "केली कोणी?"

"सरांच्या जुन्या आयडीवरून आहे."

"आणि मंजूर?"

"तिथे नुसतं रेबेका लिहिलंय. मॅडम, ह्या नावाचा आयडी आमच्याकडे कधी नव्हताच. कोण आहेत ह्या?"

मी काय बोलून फोन ठेवला ते आठवत नाही. मग अश्दोदला फोन लावला. रेबेका बाळाला झोपवत होती, कुजबुजत बोलत होती. मी इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग विचारलं, "रेबेका, त्या शुक्रवारी… ठिपका आल्यानंतर, तू त्याला काही म्हणालीस का गं?"

"मी नाही. ते म्हणाले," ती सहज म्हणाली. "'रेबेका, करू का?' असं विचारलं त्यांनी. दोनदा विचारलं. मला आधी बोलवेना. मग मी म्हटलं, करा." मागे बाळ कुरकुरलं. "का गं? तू तर तिथेच होतीस. ऐकलं नाहीस का?"

रेवा, मी हाताच्या अंतरावर उभी होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.